अण्णांची बंदूक आणि कलेक्टर ऑफिसचं फाटक

पत्रात लिहिलं होतं, "शस्त्र, मूळ परवाना व कागदपत्रांसह समक्ष उपस्थित राहावे." फाटकावरच्या फलकावर लिहिलं होतं, "कार्यालयाच्या आवारात शस्त्र आणण्यास सक्त मनाई आहे." पत्र आणि फलक, दोन्ही एकाच कार्यालयाचे. मध्ये उभे आम्ही तिघं: चौऱ्याहत्तर वर्षांचे अण्णा, मी आणि ओम्नी घेऊन आलेला चुलतभाऊ. बंदूक अण्णांच्या खांद्याला.

जिल्ह्याचं नाव सांगत नाही. कोकणातला आहे एवढं पुरे.

बंदूक एकनळी, बारा बोअरची. अण्णांनी १९८१ साली घेतलेली, शेतीसंरक्षणासाठी. बारा बोअर म्हणजे काय हे मला लहानपणी त्यांनी सांगितलं होतं: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. हे ऐकून मला बंदुकीपेक्षा पौंडाचंच कौतुक वाटलं होतं. उतारावर आमची काजूची बाग, खाली थोडे माड. वानरं, रानडुकरं आणि अलीकडे गवे. बंदूक म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे शिकार येते, पण अण्णांनी गेल्या वीसेक वर्षांत काढलेले जवळजवळ सगळे बार आभाळाच्या दिशेने गेलेत. आवाज झाला की वानरं शेजाऱ्याच्या बागेत जातात, शेजारी बार काढतो, वानरं परत आमच्याकडे. यालाच आमच्याकडे शेतीसंरक्षण म्हणतात.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अण्णांना बंदूक नकोशी झाली. विकायचीही नव्हती. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे: परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, की तो हयात असतानाच वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. अण्णा दोन्हींत बसत होते. मग अर्ज, बहिणींची ना-हरकत, प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय दाखला, चारित्र्य पडताळणी, बंदूक कुठे आणि कशी ठेवणार त्याचं हमीपत्र. पोलीस पाटलांनी घरी येऊन कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं आणि चहा घेतला. हे सगळं दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे वेळेत झालं असंच म्हणायला हवं. मग जानेवारी २०२४ मध्ये ते पत्र आलं.

निघताना अण्णांनी बंदूक मोडून, म्हणजे मधून उघडून, नळी उजेडाकडे धरली. आत काही नाही हे मला दाखवलं, चुलतभावाला दाखवलं, दारात उभ्या आईलाही दाखवलं. काडतुसं घरीच कपाटात. बंदुकीला आईने शिवलेली खाकी गवसणी होती, माझ्या शाळेच्या जुन्या विजारींच्या कापडाची. सार्वजनिक ठिकाणी बंदूक नेताना ती पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात हवी, असं नियमच सांगतो. अण्णांनी नियम वाचलेला नव्हता, पण ते त्याहून कडक होते. मी हात पुढे केला तर म्हणाले, "बंदूक माझी, परवानो माझो. मीच धरतलंय. तू कागदांची पिशवी घे."

फाटकावर मेटल डिटेक्टरची चौकट आणि बाजूला टेबल. टेबलाशी एक तरुण महिला कॉन्स्टेबल होती, बोलण्यावरून घाटावरची.

"काका, यात काय आहे?"

"बंदूक," अण्णा म्हणाले. छत्री म्हणावं तसं.

मागच्या रांगेतलं बोलणं थांबलं. एका बाईने पोराला जवळ ओढलं. कॉन्स्टेबलने मात्र आवाज चढवला नाही की घाबरली नाही. दोन पावलं पुढे येऊन ती अण्णा आणि रांग यांच्यामध्ये उभी राहिली. "भरलेली आहे?" नाही. "काडतुसं सोबत?" नाही. "परवाना?" अण्णांनी बंडीच्या आतल्या खिशातून पुस्तिका काढली. तिने फोटो पाहिला, अण्णांकडे पाहिलं. फोटोतल्या माणसाचे केस काळे होते. मग मी पत्र दाखवलं. ते तिने दोनदा वाचलं.

"पत्र बरोबर आहे. पण आत नाही सोडता येणार."

त्यानंतर जे झालं ते सांगताना लोक हसतात, आता मीही हसतो. प्रश्न साधा होता: बंदूक ठेवायची कुठे? गाडीत नाही, कारण बंदूक बेवारस सोडून जायची नसते. ओम्नीचं मागचं दार तर सुतळीने बांधलेलं. चुलतभावाच्या हाती नाही, त्याचं नाव परवान्यावर नाही. माझ्या हाती नाही, माझं नाव अजून लागायचं होतं. कॉन्स्टेबलच्या टेबलावर नाही. शस्त्र जमा करून घ्यायचा तिला अधिकार नव्हता आणि पावतीपुस्तकही नव्हतं. आवारातल्या कोषागाराच्या दारात रायफलधारी पहारेकरी होता, पण तो खजिन्याच्या पहाऱ्यावर, आमच्या बंदुकीच्या नव्हे. पोलीस ठाणं होतं दीड किलोमीटरवर. तिथे नेऊन ठेवली तर गृह शाखेतला माणूस तपासणार काय?

शेवटी अण्णा फाटकाबाहेरच्या बकुळीच्या कट्ट्यावर बसले, बंदूक दोन गुडघ्यांत उभी धरून, आणि मी पहिल्या मजल्यावर गेलो.

"शस्त्र कुठंय?" कारकुनाने विचारलं.

"खाली. आत सोडत नाहीत."

"पत्र दाखवा ना त्यांना."

"दाखवलं."

"मग सांगा, गृह शाखेने बोलावलंय."

मी खाली. कॉन्स्टेबल म्हणाली, "लेखी आणा, सोडते." मी वर. कारकून म्हणाला, "पत्र लेखीच आहे की." मी खाली. ती म्हणाली, "पत्रात हजर राहा म्हटलंय. शस्त्रासह आत सोडा असं फाटकाला कुठे म्हटलंय?" मी तिच्यावर चिडणार होतो, पण तिचं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं तर ते बरोबर निघालं. पत्र अण्णांना लिहिलेलं होतं, तिला नाही.

या फेऱ्यांत अण्णांनी परवान्याच्या मागच्या बारीक अटी वाचायला काढल्या होत्या. चष्मा कपाळावर आणि पुस्तिका नाकाशी. विशेष परवानगीशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र नेऊ नये, असं तिथे छापलेलं आहे. अण्णांनी ती अट चाळीस वर्षं पाळली. एके काळी आमच्या गावात होळी उभी राहिली की बार काढायची पद्धत होती. अण्णांनी एकदाही काढला नाही आणि त्याबद्दल भावकीची बोलणीही खाल्ली. आता तर आनंदाच्या भरात बार काढला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही. भावकी गप्प आहे.

"हय कचेरीचा नाव नाय," अण्णा पुस्तिका मिटत म्हणाले.

आणि ते खरं होतं. अटींत शाळा आहे, जत्रा आहे, कलेक्टर कचेरी नाही. मग फलकाला आधार कशाचा? हे मी नंतर आमच्या वकील मेव्हण्याला विचारलं. त्याने जे सांगितलं त्याचा सारांश एवढाच, की परवाना तुम्हाला बंदूक बाळगायची मुभा देतो, कुठल्याही दारातून आत न्यायचा हक्क देत नाही. कार्यालयाच्या आवारात काय आणू द्यायचं हे कार्यालय ठरवतं. वर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७ आहे, ज्याखाली बंदुका, तलवारी, लाठ्याकाठ्या घेऊन फिरायला मनाई करणारे आदेश निघतात. गणपती, शिमगा, मोर्चे आले की ते पेपरात छापून येतात आणि आपण पान उलटतो.

साडेबाराच्या सुमारास खरी अडचण आली. अण्णांनी मला खुणेने बोलावलं. "माका जावक होया."

या वयात हे थांबवता येत नाही. मी म्हटलं, बंदूक इथे ठेवा, मी बसतो शेजारी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दरोडेखोरांना सामील आहे. मी कॉन्स्टेबलकडे गेलो. तिला बिचारीला हसू येत होतं, पण तिने ओठ दाबून ठेवले. "काका, बंदूक एकटी ठेवायची नाही. तुमच्याबरोबरच न्या. मी बाहेर थांबते." आणि खरोखरच, रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक शौचालयापर्यंत ही वरात निघाली. पुढे खांद्याला बंदूक लावलेले अण्णा, मागे मी, त्यामागे कॉन्स्टेबल. दारावरच्या माणसाने पाच रुपये मागितले आणि बंदूक पाहून परत करू लागला. अण्णांनी घेतले नाहीत. आत बंदूक खिळ्याला अडकवली होती म्हणे. त्या दारावर शस्त्राबद्दलचा कुठलाही फलक नव्हता.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी नायब तहसीलदार स्वतः खाली उतरले. कुणी सांगितलं माहीत नाही; माझा अंदाज, कॉन्स्टेबलनेच फोन केला असावा. पन्नाशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. आल्या आल्या त्यांनी अण्णांना "बसा, बसा" केलं आणि स्वतः कट्ट्यावर बसले. "दाखवा."

अण्णांनी गवसणीचे बंद सोडले. बंदूक मोडली, पुढची लाकडी पकड काढली, नळी सुटी केली आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर ठेवली. नंबर नळीच्या बुडाशी ठोकलेला असतो, तिथे तेल आणि वर्षं दोन्ही साचलेली. साहेबांनी शिपायाकडून खडू मागवला, नंबरावरून घासला आणि बोटाने पुसला. खाचांत पांढरं बसलं आणि आकडे वर आले. त्यांनी ते मोठ्याने वाचले, कारकुनाने पुस्तिकेशी ताडले. शेवटून दुसऱ्या आकड्याशी दोघे थांबले. पुस्तिकेत तीन, नळीवर आठ.

"आठ आहे हा."

"तीन वाटतोय साहेब."

"खडू लावल्यावर तीन कसा वाटेल?"

पुन्हा खडू. मग मोबाइलचा उजेड. मग मोबाइलवर फोटो काढून मोठा करून. आठच होता. १९८१ मध्ये कुणीतरी झिजलेल्या ठशाचा तीन वाचला होता आणि पुढची प्रत्येक नोंद त्या तीनवरून झाली होती. देशभरच्या परवान्यांच्या संगणकीय नोंदीत अण्णांना जो युनिक क्रमांक मिळाला, त्याच्यामागेही तोच तीन. म्हणजे कागदोपत्री अण्णांकडे जी बंदूक होती ती त्यांच्याकडे नव्हतीच, आणि जी होती तिला परवाना नव्हता.

माझ्या पोटात गोळा आला. अण्णा शांत. "पावती आसा घराक," ते म्हणाले. दुकानदाराची १९८१ ची खरेदीची पावती. ट्रंकेत, आमच्या जन्मपत्रिकांच्या खाली. तिच्यावर आठ होता. पुढच्या आठवड्यात मी ती नेऊन दिली आणि दुरुस्तीचा प्रस्ताव निघाला. त्या एका आकड्याने चार महिने खाल्ले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पण कट्ट्यावरची एक गोष्ट राहिली. बंदूक परत जोडून झाल्यावर साहेब हाताचा खडू झटकत सहज म्हणाले, "तुम्ही कशाला सबंध दिवस धरून बसलात? मुलाच्या हाती द्यायची."

"परवानो माझो आसा," अण्णा म्हणाले.

"हो, पण कलम तीनमध्येच आहे ना. तुमच्या समोर, किंवा तुमची लेखी चिठ्ठी असेल तर तुमच्या माघारीसुद्धा, दुरुस्तीला किंवा परवान्याच्या नूतनीकरणाला दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो. एकोणीसशे एकोणसाठच्या मूळ कायद्यातलं आहे."

कॉन्स्टेबल आमच्याकडे बघायला लागली. मी शौचालयाकडे बघितलं. कारकुनाने कारकुनी शंका काढली, की हे नूतनीकरण नाही, हस्तांतरण आहे. त्याला ते कलम लागतं का? साहेब म्हणाले, तो वाद जेवून आल्यावर घालू.

परतताना अण्णांनी गाडीतही बंदूक सोडली नाही. आरवलीच्या वळणावर ते झोपले, तेव्हा फक्त मी नळीला एक बोट लावून ठेवलं होतं. त्यांच्या समोर, म्हणजे कायदेशीरच.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला उल्हासनगरची बातमी आली. पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, गोळीबार. अण्णांनी पेपर खाली ठेवला. "पोलीस ठाण्यात! आणि माका झाडाखाली बसयल्यानी." त्यांना ते अन्यायासारखं लागलं. मला उलटं वाटलं. त्या दिवशी त्या मुलीने अण्णांचे पांढरे केस, खाकी गवसणी आणि पत्र पाहून "जा काका" म्हटलं असतं, तर आम्ही तिला भली म्हटलं असतं. पण मग उद्या ज्याचे केस काळे आहेत, गाडी मोठी आहे आणि ओळखी वरपर्यंत आहेत, त्याला ती कुठल्या तोंडाने थांबवणार? असं मी अण्णांना म्हणालो. ते म्हणाले, तू सरकारचो माणूस.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ठाण्यातून निरोप आला: शस्त्र जमा करा. मेव्हणा म्हणाला, सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घ्यायची नसतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाच्याही तशा सूचना आहेत, छाननी समितीने एकेक परवाना पाहून ठरवायचं असतं. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव असलेले यांच्याकडे विशेष लक्ष. अण्णांनी यातलं काहीच केलेलं नव्हतं. पण भांडायला कोण जाणार? काजूचा हंगाम चालू होता आणि वानरंही. बंदूक ठाण्यात गेली, मुद्देमालाच्या खोलीत, पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने गळ्यात बांधून. पुठ्ठ्यावर नंबर लिहिताना मी हवालदाराला सांगितलं, शेवटून दुसरा आठ आहे हं.

७ मे ला शाळेत मतदान. बूथच्या आसपासही सशस्त्र जाणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ब प्रमाणे गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद, शस्त्र जप्त आणि परवानाही गेला. बंदोबस्तावरच्या पोलिसांचं अर्थात वेगळं. अण्णा काठी टेकत गेले, आणि दारातल्या होमगार्डला त्यांनी विचारलं, "काठी चलता मा?"

जूनमध्ये बंदूक परत मिळाली ती पावसाच्या पहिल्या आठवड्यात. नळीवर तांबूस पुळ्या. घोड्याची स्प्रिंग मेलेली. अण्णा रात्रभर तेल लावत बसले. ठाण्यातल्या लोकांना दोष द्यायचा नाही, त्या खोलीत पंखाही नव्हता आणि बंदुका चाळीसेक होत्या. पण परत देताना त्या पुसून तरी द्याव्यात, एवढं म्हणतो.

सप्टेंबरमध्ये परवाना माझ्या नावावर झाला. नव्या पुस्तिकेवर नोंद करायला शस्त्र पुन्हा दाखवायचं होतं. या वेळी मी आधी फोन केला. "फाटकावर थांबा, आम्ही खाली येतो," असं उत्तर आलं. फाटकावर दुसरीच कॉन्स्टेबल होती. टेबलावर एक वही आली होती, तिच्यावर पेनाने "शस्त्र नोंद" लिहिलेलं. माझ्या आधी तिच्यात तीन नावं होती. बकुळीखाली दहा मिनिटांत काम झालं. खडू लागला नाही, अण्णांनी घरीच नंबर घासून लख्ख केला होता.

स्प्रिंगचं काम राहिलं होतं. ऑक्टोबरात पुन्हा आचारसंहिता, पुन्हा पुठ्ठा आणि सुतळी. डिसेंबरात बंदूक घरी आली तेव्हा कोल्हापूरच्या बंदूकवाल्याशी बोलणं झालं. मला रजा मिळेना. अण्णा म्हणाले, मी जातंय चुलतभावाबरोबर, त्या दुकानदाराचा बापूस माझ्या ओळखीचा होता.

सकाळी ते तयार होऊन ओटीवर बसले. बंडी, टोपी, बाजूला खाकी गवसणी. मी बंदूक उचलून त्यांच्या हाती द्यायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतले.

"आधी चिठ्ठी लिव्ह," ते म्हणाले. "परवानो तुझो आसा."